तिखट न लागणारे हात

लहानपणी माझं तोंड बाबा धुऊन द्यायचे. आई घरात असली तरी. डोळ्यांत काजळ घालायला शेजारच्या काकूंना हाक मारली जायची, आणि मला ताप आला तर कपाळावर हात ठेवायलाही बाबाच. आईचं माझ्यावर प्रेम कमी होतं असं नव्हे. आईचे हात तिखट होते, एवढंच. संध्याकाळी ती कामावरून आली की दोनदा साबणानं, एकदा बेसनानं हात धुवायची, तरी तिनं गालाला बोट लावलं की गाल चुरचुरायचा. मी फार दिवस समजत होते की सगळ्यांच्याच आया अशा असतात.

आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते. आमच्याकडे या जागेला सातरा म्हणतात: मोठं पटांगण किंवा गोदाम, ताडपत्र्यांवर वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती बसून देठ खुडणाऱ्या बायका. आधी ती भिवापूरकडे आमच्या गावाजवळच्या सातऱ्यावर जायची. आम्ही नागपूरला आल्यावर लकडगंजच्या पलीकडं एका व्यापाऱ्याच्या गोदामात तेच काम मिळालं. बाबांना मिहानमध्ये एका इमारतीवर गार्डची नोकरी लागली, बहुतेक रात्रपाळीची. ते सकाळी यायचे तेव्हा आई निघालेली असायची. दिवसाउजेडी दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं असेल ते फक्त रविवारी.

सातऱ्यावर नवी बाई आली की पहिले काही दिवस तिचे हात पेटतात. पाण्यात घातले तरी पेटतात, आणि ऊन लागलं तर विचारायलाच नको. जुन्या बायका तिला जवसाचं तेल लावायला सांगतात आणि हसतात. मग काही दिवसांनी चहाची वेळ येते. आईच्या गोदामात सगळ्यांत जुनी जी बाई आहे, जिला सगळ्या मोठीबाई म्हणतात, ती स्टीलचा ग्लास गरम चहानं भरून नव्या बाईच्या हातात देते. पदर लावायचा नाही, ओठांनी फुंकर मारायची पण ग्लास खाली ठेवायचा नाही. मिरचीनं पेटलेल्या हातात गरम ग्लास धरणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. जी टाकून देते तिला मोठीबाई म्हणते, "पदरानं धरशीन त उद्या येऊ नको वं." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतेच. ज्या दिवशी ग्लास हातात राहतो त्या दिवशी सगळ्या म्हणतात, हिचा हात बसला. हात बसलेल्या बाईला दाराजवळ, वारा येतो तिथं बसायला जागा मिळते.

आईचा हात कधीच बसलेला होता. तिची जागा मोठीबाईच्या बाजूलाच होती. याचा मला अभिमान वाटायचा. शाळेत मी एकदा मैत्रिणींना सांगितलंही होतं की माझी आई चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवते.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण त्यात माझं काही फार मोठं नाही. पण न सांगता पुढचं नीट कळणार नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी आम्हांला एक काम दिलं. प्रत्येकानं एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कुठून आला ते शोधायचं आणि वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी चांगले चांगले शब्द घेतले. मी 'नम' (numb) घेतला, म्हणजे बधिर. लिहिताना त्याच्या शेवटी बी असतो, बोलताना तो कोणी म्हणत नाही, आणि त्या बीनं मला परीक्षेत फसवलं होतं म्हणून माझा त्याच्यावर राग होता. दुसरं कारण नव्हतं.

लायब्ररीत एक जाडजूड कोश होता, आणि माझ्या फोनमध्ये नेट होतं. मला दोन्हींवर सारखाच कमी भरवसा होता, म्हणून मी एकाचं दुसऱ्याकडून तपासून घेतलं. दोन्ही एकच सांगत होते. जुन्या इंग्रजीत 'निमन' असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ घेणं, पकडणं. ते क्रियापद पुढे मरून गेलं, पण त्याचं एक रूप उरलं, त्याचा अर्थ 'घेतलेला', 'पकडला गेलेला'. तेच हे नम. तो बी तर नंतरच्या लोकांनी दुसऱ्या शब्दांचं पाहून जोडला. म्हणजे जो माणूस थंडीनं किंवा भीतीनं काही जाणवेनासा झाला, त्याला ते लोक म्हणत होते की याला कशानं तरी घेतलं आहे. त्याच क्रियापदाचा दुसरा एक शब्द निघाला, निम्बल, म्हणजे चपळ. जो झटकन घेतो तो.

मी वहीत आपले शब्दही लिहून काढले. बधिर, म्हणजे मुळात बहिरा. कातडीला ऐकू येत नाही असं काहीसं. सुन्न, म्हणजे शून्यावरून आलेलं. तिथं काहीच नाही. घरी आम्ही म्हणतो पाय मेला, हात मेला. मला यांत आणि इंग्रजी शब्दात एक फरक दिसला. तो बरोबर आहे की नाही मला अजून नक्की सांगता येत नाही. आपल्या शब्दांत कोणी काही केलेलं नाही. ऐकू येत नाही, रिकामं झालं, मेलं. घडलं ते घडलं. इंग्रजी शब्दात मात्र घेतलं गेलं आहे. आणि घेतलं गेलं असेल तर घेणारा असलाच पाहिजे.

वर्गात माझी पाळी आली. हात मेला म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलं हसली. मग मी सातऱ्यावरचा शब्द सांगितला, हात बसला, आणि चहाच्या ग्लासाची गोष्टही सांगून टाकली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हात बसला म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

मी म्हटलं, चांगलं. मग थांबले. मग म्हटलं, माहीत नाही. मॅडमनी पुढच्या मुलीला बोलावलं.

त्या दिवसापासून मी आईच्या हातांवर नजर ठेवायला लागले. सरळ सांगायचं तर मला संशय आला होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं. पहिला संशय व्यापाऱ्याचा. मिरची चमकावी म्हणून ते लोक तिच्यावर काही फवारत असतील का, त्यानं बोटं जात असतील का? मी आईला आडून विचारलं की माल आल्यावर त्याला कसला वास येतो. ती म्हणाली, मिरचीचा येतो, अजून कायचा येईन. मग संशय मोठीबाईवर गेला. इतकी वर्षं ती बायकांच्या हातात गरम ग्लास का देत असेल? तिच्या स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती, सरळ होत नव्हती. सगळ्या म्हणायच्या की जन्मभर देठ खुडून तशी झाली. माझाही त्यावर विश्वास होता, कारण दुसरं काही सुचलं नव्हतं.

शेवटी संशय आईवरच आला. ती हल्ली लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेत होती. म्हणायची मच्छर चावतात. भर उन्हाळ्यात, कूलरसमोर बसूनही तिची डावी बाही मनगटापर्यंत ओढलेली असायची. मी पाणी द्यायच्या निमित्तानं तिच्या हाताला हात लावला की ती उजवा पुढं करायची. एकदा तिच्या डाव्या करंगळीला विळीचं पातं लागलं, रक्त ताटावर ठिपकलं, तेव्हा तिनं आधी छताकडे पाहिलं. वरून काही पडलं की काय म्हणून.

"काहून पाहून राहिली वं सारखी माह्या हाताकडे?" तिनं एके दिवशी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही.

"कॉलेजात हेच शिकवून राहिले का, मायवर नजर ठेवाले?"

ती हसत म्हणाली होती, पण त्यानंतर तिनं माझ्यासमोर कपडे बदलायचं बंद केलं.

परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत ती एकदा डबा घरीच विसरली. मी तो घेऊन गोदामात गेले. दारातच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत सगळ्या बायका तोंडाला दुपट्टे बांधून बसलेल्या, घामानं भिजलेल्या. सातऱ्यावर घाम आला की त्यावर मिरचीची लाल भुकटी बसते. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात कोपरापर्यंत विटकरी होतात. आईनं गर्मीमुळे बाह्या वर सारल्या होत्या. तिथं तिला कोणापासून लपवायचं नव्हतं, कारण तिथं कोणी पाहत नव्हतं. तिचे दोन्ही हात लाल होते. फक्त डाव्या हातावर, कोपराच्या खाली, पाणीपुरीच्या पुरीएवढी एक जागा स्वच्छ होती. तिथं भुकटी चिकटलेली नव्हती. घामच आला नव्हता तिथं. ती जागा बाकीच्या कातडीपेक्षा थोडी फिकट होती आणि तिच्यावर एक केससुद्धा नव्हता.

आईनं मला पाहिलं आणि बाही खाली ओढली. डबा घेतला. "जाय आता, इथं उभी नको राहू, डोये जातीन तुहे," म्हणाली. मोठीबाई माझ्याकडे बघत होती.

मला ते काय आहे ते कळलं होतं. आमच्या वस्तीच्या दवाखान्याच्या भिंतीवर ते रंगवलेलं आहे. वाचायला शिकले तेव्हा ज्या भिंती मी जोडाक्षरं लावून वाचायचे त्यांतली ती एक. फिकट चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, स्पर्श कळत नाही, अशा वेळी जवळच्या दवाखान्यात दाखवा. खाली रोगाचं नाव. आरोग्य खात्याच्या आशाताई दर वर्षी घरोघर विचारत यायच्या, कोणाच्या अंगावर चट्टा आहे का. आई दारातूनच नाही म्हणायची. मी त्या वेळी आत अभ्यास करत असायचे आणि मला ते नाही खरंच वाटायचं.

तिसऱ्या दिवशी बाबा ड्युटीवर गेल्यावर विषय काढला. आईनं पोळ्या लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, घामोळं आहे. मग म्हणाली, साबण बदलला म्हणून. मग म्हणाली, मिरचीनं कातडी मरते, त्यात नवल काय, सगळ्यांचीच मरते. मी रोगाचं नाव घेतलं तेव्हा लाटणं थांबलं.

ते नाव तिनं स्वतः घेतलं नाही. हळू आवाजात तिनं मला तिच्या मावशीचं सांगितलं. मावशीला गावात गोठ्यात ठेवलं होतं. तिचं ताट, तिचं गाडगं वेगळं. जेवण वरून टाकायचे. तिच्या पोराला तिच्याकडे जाऊ देत नसत, तो लांबून माय माय करायचा. आई तेव्हा लहान होती, आणि मावशीला पाहायला गेली म्हणून तिनंही मार खाल्ला होता.

"हे भायेर गेलं त मोठीबाई मले उद्या दारात उभी करन का?" आई म्हणाली. "घरमालक खोली खाली कराले लावन. अन् तुह्या लग्नाचं कोण बोलाले येईन मंग?"

मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही, गोळ्या असतात, बरं होतं.

"तुले कोणं सांगतलं? फोननं?"

खरं तर फोननंच सांगितलं होतं. आईनं दुसऱ्या दिवशी माझ्यामागे माझी वही चाळली, मी कुठं काही लिहून तर ठेवलं नाही ना हे पाहायला. वहीची पानं मिरचीच्या बोटांनी चाळलेली कळतात. वही वाचून डोळ्याला हात लावला आणि डोळा चुरचुरला, तेव्हा मला कळलं. घरात आम्ही दोघी एकमेकींवर पहारा ठेवून होतो आणि जेवण, झाडू, पाणी भरणं सगळं नेहमीसारखं चालू होतं. बाबांना आम्ही दोघींनीही काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यापुरत्या आम्ही एका बाजूला होतो.

मग ग्लासाची गोष्ट झाली. ती मला आईनं सांगितली नाही, इथल्या शेजारच्या काकूंनी सांगितली, कौतुकानं; त्याही आईच्याच गोदामात जायच्या. गोदामात एक नवी पोरगी आली होती. तिला ग्लास धरवेना. मोठीबाई म्हणाली, हिले दाखव वं कसा धरतात. आईनं चहाच्या भांड्यातून नुकताच भरलेला ग्लास डाव्या हातात घेतला आणि गप्पा मारत संपेपर्यंत धरून ठेवला. सगळ्यांनी वाहवा केली. नवी पोरगी पाहतच राहिली. काकू म्हणाल्या, तुह्या मायसारखा हात साऱ्या सातऱ्यावर नाही.

त्या संध्याकाळी आईच्या करंगळीवर आणि तिच्या बाजूच्या बोटावर पाण्यानं टरारलेले फोड होते. मी विचारलं तर म्हणाली, तव्याचा चटका बसला. मी सकाळपासून घरी होते, आणि त्या दिवशी आमच्याकडे तवा चुलीवर चढलाच नव्हता. मी खिचडी टाकली होती. हे तिलाही आठवलं असणार, कारण तिनं लगेच नजर वळवली.

मी तिच्यासमोर बसले. मला मोठ्या माणसाशी वाद घालता येत नाही. फोनवरचं काही सांगायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. म्हणून तिला जे माहीत आहे तेच विचारायला लागले.

"तू मिरची दोन्ही हातानं खुडते नं?"

"हाव."

"मंग उजवा हात काहून नाही मेला? त्या हातानं त तू जास्त खुडते."

ती उजवा हात पालथा करून पाहायला लागली.

"अन् डाव्याचे बाकीचे बोटं? अंगठ्याले लागते का चटका?"

"लागते," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "त्याच्या बाजूच्यालेबी लागते."

"मंग मिरचीले काय समजते आई, करंगळी कोणती अन् तिच्या बाजूचं कोणतं? तिनं घेतले असते त सारेच घेतले असते."

आई उठून बाहेर नळावर गेली आणि बराच वेळ हात धूत बसली. मला वाटलं मी हरले. झोपायच्या आधी ती म्हणाली, "इथल्या दवाखान्यात नाही जाणार. दूरच्या मोठ्या दवाखान्यात चाल. अन् काकूले सांगजो, तुह्या डोयाले दाखवाले जाऊन राहिलो."

मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही सोमवारी गेलो. बसमध्ये आईनं सोबत बसू दिलं नाही, मागच्या सीटवर बसली. कोणी ओळखीचं भेटलं तर वेगळं वेगळं आलो असं दिसावं म्हणून. चिठ्ठी काढायच्या खिडकीवर तिनं आपलं नाव इतकं हळू सांगितलं की तिथल्या माणसानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चुगली केली होती.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला दाबून पाहिलं. तिथली शीर जाड लागते म्हणाल्या. मग कापसाचं टोक वळलं आणि म्हणाल्या, "मावशी, डोळे मिटा. कापूस लागला की हाव म्हणा."

आई हाव म्हणायला लागली. उजव्या हातावर हाव. डाव्या हातावर हाव. चट्ट्यावर हाव, करंगळीवर हाव. बरोबर वेळेवर, अजिबात न चुकता. मला वाटलं मीच सगळं चुकीचं समजले, इतके महिने तिला उगाच छळलं. मग माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. पापण्या मिटलेल्या होत्या पण पूर्ण नाही. मी बोलावं की नाही हे मला ठरवता येईना. तेवढ्यात डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद आईच्या तोंडासमोर आडवा धरला. कापूस हातापासून दूर नेला आणि थांबल्या.

"हाव," आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "हाव."

"मावशी, मी हात लावलाच नाही."

आईचे कान लाल झाले. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांना याची सवय असावी. त्यांनी विचारलं, काय काम करता? मिरची ऐकल्यावर मान हलवली. म्हणाल्या, "मिरचीनं आग कमी लागत जाते, ते खरं आहे. पण कापूस लागायचा थांबत नाही. कापूस लागत नाही म्हणजे ते काम मिरचीचं नाही."

मग त्यांनी कागद समोर धरूनच पुन्हा तपासलं, आणि या वेळी आई जिथं कळलं तिथंच हाव म्हणाली. चट्ट्यावर कापूस फिरत होता आणि ती गप्प होती. करंगळीवर फिरत होता आणि ती गप्प होती. त्या गप्प बसण्याला फार वेळ लागला असं मला वाटलं.

पुढचं सगळं डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं. आणखी एक तपासणी करायची, पण त्यांना शंका फारशी नव्हती. काही महिने गोळ्या, फुकट मिळतात, एकही दिवस चुकवायचा नाही. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. ताट वेगळं नाही, अंथरूण वेगळं नाही. घरच्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्यायचं. बोटांची गेलेली जाणीव परत येईल का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, खात्री देत नाही; पण बोटं वाकायच्या आधी आलात. आणखी उशीर झाला असता तर ही दोन बोटं हळूहळू आत वळली असती आणि तशीच राहिली असती.

आईनं पहिल्यांदाच मान वर केली. "आत वळते?" तिनं विचारलं. "कशी वळते?"

डॉक्टरांनी स्वतःची करंगळी आणि बाजूचं बोट वाकवून दाखवलं. आई त्या हाताकडे पाहत राहिली. मीही. आम्ही दोघींनी तो हात आधी पाहिलेला होता. पण तिथं कोणी कोणाचं नाव घेतलं नाही.

घरी बाबा उठले होते. आईनं मला बोलू दिलं नाही, स्वतःच सांगितलं, भिंतीकडे पाहत, दोन वाक्यांत. बाबांनी ऐकलं. त्यांना फार बोलायची सवय नाही. जेवायला बसल्यावर आई आपलं ताट घेऊन दाराकडे सरकली. बाबा म्हणाले, "काहून वं, तिकडं वारा येते का?" आणि तिच्या ताटातली पोळी उचलून अर्धी मोडून घेतली. मग त्यांनी मला विचारलं, की तपासायला त्यांनी कोणत्या दिवशी जायचं. मला वाटलं होतं ते चिडतील. मी त्यांच्यावरही उगाच संशय घेतला होता.

आई सातऱ्यावर जात राहिली. डॉक्टरांनी हातमोजे वापरायला सांगितलं होतं. ते घातल्यावर बायका हसल्या, म्हणाल्या, हिची पोट्टी शिकली त ही मॅडम झाली. आई हसली आणि खुडत राहिली. पण ती घरी आली की अस्वस्थ असायची. एका रविवारी दुपारी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, चाल माह्यासंगं. कुठं ते सांगितलं नाही.

मोठीबाई मागच्या वस्तीत मुलगा-सुनेसोबत राहते. ती ओट्यावर मोहरी निवडत बसली होती. आम्हांला पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडेच पाहत म्हणाली, "कोणं पाठवलं वं?"

"कोणं नाही," आई म्हणाली. आणि उभ्या उभ्याच तिनं डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली. भर उन्हात. रस्त्यावरून कोणीही जात येत होतं. सांगितलं की मी या दवाखान्यात गेले होते, हे असं असं निघालं, गोळ्या चालू आहेत. मग म्हणाली, "मोठीबाई, तुमचीबी हेच दोन बोटं."

मोठीबाईनं आपला हात पदराखाली घेतला. मला वाटलं आता ती आम्हांला हाकलेल, आणि उद्यापासून आईची दाराजवळची जागा जाईल, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सातऱ्यात बातमी जाईल. तिनं मला जवळ बोलावलं.

"तू शिकलेली आहेस. माहे बोटं सरळ होतीन?"

तिला काय ऐकायचं आहे ते मला कळत होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि आईलाही मी हो म्हणावं असं वाटत असावं, तिनं माझ्याकडे तसं पाहिलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बहुतेक नाही होणार. डॉक्टर पाहून सांगतीन. बाकीचे वाचतीन कदाचित."

मोठीबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, माल नीट आहे की भेसळीचा ते बघावं तशी.

"हो म्हटलं असतं त दवाखान्यात नसती आली मी," ती म्हणाली. मग तिनं आत सुनेला आवाज दिला आणि आधार कार्ड कुठं ठेवलं आहे ते विचारलं.